मंत्रालयाचं गवत

दिल्लीच्या मंत्रालयाचा तो फॉर्म भरताना मी जेवढी हसले, तेवढी कुठलाही सरकारी कागद भरताना हसले नसेन. देशातली विद्यापीठं आणि शास्त्रीय संशोधन यांचा कारभार पाहणारं हे मंत्रालय. संशोधनाचा प्रस्ताव त्यांच्या पोर्टलवर टाकायचा, आणि तिथं ज्या रकान्याला लाल चांदणी असेल तो रिकामा सोडता येत नाही. 'प्रयोगशाळेचे नाव', लाल चांदणी. माझी प्रयोगशाळा म्हणजे कोळवणच्या खोऱ्यातलं आमचं एवढंसं भातखाचर. मी इंग्रजीत लिहिलं, 'आईचं शेत'. 'तापमान नियंत्रणाची सोय', लाल चांदणी. लिहिलं, 'नाही'. आणि मग आला तो प्रश्न: 'प्रयोगशाळेत आग लागल्यास कोणती व्यवस्था आहे?'

माझा प्रयोगच मुळी आग लावण्याचा होता.

आमच्या मुळशीत भाताचं बी टाकण्याआधी वाफ्यावर राब भाजतात. शेण, वाळल्या पानांचा पातेरा, झाडांचे तोडलेले टहाळ, गवत असे थरावर थर घालायचे, वरून माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे सगळं सावकाश भाजत जातं. जमिनीतलं तणाचं बी मरतं आणि भाताचं रोप तरारून येतं. ते नेमकं का येतं, मातीतल्या सूक्ष्मजीवांचं त्यात काय होतं, आणि इतकी झाडं न ओरबाडता तसंच रोप आणता येईल का, हे मला शोधायचं होतं. तर आगीच्या रकान्यात मी खरं ते लिहिलं: 'पाण्याच्या दोन कळश्या, एक हिरवा टहाळ आणि आई.' पोर्टलनं ते मुकाट्यानं घेतलं.

हसत होते खरी, पण या फॉर्मवर माझं सगळंच अडलेलं होतं. पुण्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास असेल तर मी आहे, सुट्टी लागली की मी नाही. याआधी माझे दोन प्रस्ताव परत आले होते. या योजनेला वयाची अट होती, आणि त्या अटीत बसण्याचं माझं ते शेवटचं वर्ष होतं. हाही परत आला तर संशोधनाचा नाद सोडून मिळेल ती नोकरी धरायची, असं मी आईला सांगून टाकलं होतं.

एप्रिल संपता संपता मंत्रालयाची मेल आली. प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पार झाला होता. आता दोन जणांची समिती प्रत्यक्ष शेतावर येऊन बघणार होती, की प्रस्तावात लिहिलं तसं सगळं आहे का. मी स्टाफरूममध्ये उडीच मारली. मग लगेच आईला फोन लावला.

"आई, मंत्रालयातून माणसं येणार आहेत आपल्या शेतात!"

"मुंबयहून?"

"नाही गं, दिल्लीहून. ते वेगळं मंत्रालय."

"दोन हायेत व्हय?"

"दिल्लीत तर कितीतरी आहेत."

"मंग आपलं काम येकातबी कसं हुईना?" आई म्हणाली, आणि फोन ठेवून तिनं ही बातमी वाडीभर केली.

त्या रविवारी मी घरी गेले तर ओट्यावर अर्ज घेऊन माणसं बसलेली. विजेचा वाकलेला खांब, फाट्यावर न थांबणारी एसटी, रानडुकरांनी केलेली नासधूस. आमच्या शेजारच्या खाचराचे नाना सगळ्यांत पुढे होते, पौडला तहसीलात देऊन देऊन चुरगळलेला अर्ज घेऊन. मी म्हटलं, "नाना, हे विद्यापीठांचं मंत्रालय आहे. त्यांचा खांबाशी काय संबंध?"

"आसंना का. विद्यापीठाला लाईट लागत न्हाई व्हय?" नाना म्हणाले.

त्याच दिवशी मी आणि आईनं शेतात सहा वाफे आखले. सहाही वाफ्यांवर राब रचला. संध्याकाळी त्यांतले एकाआड एक असे तीन भाजले आणि तीन तसेच ठेवले. भाजलेल्या आणि न भाजलेल्या मातीची तुलना करायची, यावरच तर सगळा प्रयोग उभा होता. मी आईला दोनदा समजावलं, "हे तीन असेच ठेवायचे. हात लावायचा नाही. मंगळवारी समिती येईल ती हेच बघायला येणार आहे."

"बरं," आई म्हणाली.

माझ्या आईचे 'बरं' बऱ्याच जातींचे आहेत. हे कुठल्या जातीचं आहे ते नीट पाहिलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण सोमवारी कॉलेजात परीक्षेच्या पर्यवेक्षणाची ड्यूटी होती, म्हणून मी घाईनं पुण्याला परत गेले.

मंगळवारी उजाडता उजाडता मी स्कूटीवरून निघाले. गाणी म्हणत होते, हेल्मेटमध्ये स्वतःचाच आवाज फार छान वाटतो. पौड मागे टाकलं, खोऱ्यात शिरले, आणि वाडीच्या वळणावर मला आमच्या शेतातून धूर वर जाताना दिसला.

आई बांधावर उभी होती. हातात हिरवा टहाळ, शेजारी पाण्याच्या दोन कळश्या. अगदी फॉर्ममध्ये लिहिल्याप्रमाणे. आणि समोर सहाच्या सहा वाफे काळेभोर.

"हे काय केलंस?"

"भाजला."

"का?"

"आगं, मोठाली मानसं यायची. अर्धा राब दावायचा त्यास्नी?"

मला राग पटकन येतो, आणि त्या दिवशी तर तो येण्यासाठी वाट बघत असल्यासारखा आला. माझं शेवटचं वर्ष, माझी नोकरी, माझे परत आलेले प्रस्ताव, सगळं मी बांधावर उभं राहून ओरडले. शेवटी म्हणाले, "तुझ्या अडाणीपणानं माझं वाटोळं झालं." हे वाक्य मी बोलले. ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

आई एरवी एका शब्दाला चार शब्द देते. त्या दिवशी तिनं टहाळ खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, "तुजा बा गेला त्या साली आपला राब अर्धाच भाजलेला व्हता. त्यो अर्धा भाजून घरी आला आन् रातच्याला गेला. मंग उरलेला कोन भाजतंय? समदा उन्हाळा येनारा-जानारा बांधाला थांबायचा आन् इचारायचा, घरात काय झालं गं बाई? समद्यास्नी सांगत बसले. काल सांजच्याला ते आर्धं काळं, आर्धं तसंच बघितलं, आन् मला काय बघवंना."

आमच्याकडे अर्धा भाजलेला राब म्हणजे त्या घरात काहीतरी झालंय, हे शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं. बाबा गेले तेव्हा मी दहावीत होते, त्या उन्हाळ्यात तो प्रश्न मीही ऐकला होता. आणि तरी प्रस्तावात मी एक काळा चौकोन, एक पांढरा चौकोन, एक काळा चौकोन अशी सुबक आकृती काढली होती आणि तिच्याकडे बघून खूश झाले होते. मी तिथंच बांधावर बसले. तेवढ्यात वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

मंत्रालयातले साहेब अगदी तरुण निघाले. चकचकीत काळे बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, आणि डोंगराकडे बघून थोडे बावचळलेले. त्यांच्याबरोबर मातीच्या तज्ज्ञ होत्या, शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठात आयुष्य घालवलेल्या बाई. त्यांनी खाली उतरताच चपला काढल्या आणि पायानं माती चाचपून बघितली. साहेब दोन पावलं चालले असतील नसतील तोच अर्जवाल्यांनी त्यांना घेरलं. साहेबांनी एकेक अर्ज दोन्ही हातांनी घेतला, मराठीत लिहिलेला तो कागद न कळता वाचला आणि फाइलमध्ये ठेवला. नानांच्या खांबाचा अर्जही त्यात गेला.

आईनं सगळ्यांना पन्हं दिलं. मग साहेबांनी माझा फॉर्म काढला आणि वाचायला सुरुवात केली. "लॅब का नाम... मदर्स फील्ड." त्यांनी वर पाहिलं. "मदर कौन हैं?"

"मी. मीच मदर हाय," आई म्हणाली.

"अच्छा जी. फायर सेफ्टी." ते वाचू लागले आणि मध्येच थांबले. पुन्हा वाचलं. मग बांधावरच्या कळश्या बोटानं मोजल्या, दोन. टहाळाकडे बघितलं, हिरवा. आईकडे बघितलं. तीन ठिकाणी बरोबरची खूण केली. मातीच्या बाईंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला. मलाही हसू फुटलं, आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं, कारण पुढचा रकाना कुठला आहे ते मला माहीत होतं.

"कंट्रोल प्लॉट? जो जलाए नहीं हैं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात आई पुढे झाली आणि आठवडी बाजारात भाजी विकताना शिकलेल्या हिंदीत सुरू झाली. "साब, ये मैंने जलाया. पोरी को कुच म्हाईत नही. वो पुना में थी. जो ल्हिना हाय वो मेरे नाव पे ल्हिव."

साहेब खरोखरच कानकोंडे झाले. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला. 'प्रस्तावाप्रमाणे मांडणी आहे का?' आणि खाली दोनच चौकोन, हो आणि नाही. "मॅडम, तीसरा बॉक्स ही नहीं है," ते म्हणाले. 'नाही'वर खूण झाली की प्रस्ताव तिथंच थांबतो, हे त्यांनी सांगितलं नाही. पण पेन काही ते टेकवेनात.

आईला हिंदी सगळं कळत नसलं तरी माणसाचं तोंड वाचता येतं. ती वळली आणि तरातरा नानांकडे गेली.

"नाना, तुमचा राब कवा भाजनार?"

"उद्या म्हनतोय."

"अर्धा ठिवा."

नाना गडबडले. "अर्धा? आगं, न भाजल्यालं रोप गवतात जातंय. लावनीला रोप कमी पडलं मंजी?"

"माज्यातलं घ्या. माजा समदा भाजलाय. पुरून उरंल."

"आन् लोकं काय इचारायची ऱ्हात्यात व्हय? म्हनतील, नानाच्या घरात काय झालं?"

"इचारू द्या की! म्हनावं, मंत्रालयाचा हाय!"

नानांनी डोकं खाजवलं. खांबाचा अर्ज गेलेल्या त्या फाइलकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठिवला, जा." आणि मग काय विचारता! ज्याचा राब अजून भाजायचा होता तो हात वर करू लागला. खालच्या आळीतून दोघे, ओढ्याकडचे तिघे, आणि डोंगरावरच्या पाड्यातून विहिरीचा अर्ज घेऊन खाली आलेली एक म्हातारी. तिला बराच वेळ वाटत होतं की हे विहिरीबद्दल चाललंय. मीच तिला बाजूला घेऊन पुन्हा नीट सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "विहिरीचंबी बगा मंग," आणि हो म्हणाली. सगळे मिळून सात जण झाले.

मातीच्या बाईंचे डोळे चमकायला लागले. एका शेताऐवजी सात शेतं, सात उतार, सात प्रकारची माती! त्यांनी माझा दंड धरला आणि इंग्रजीत सांगितलं की या प्रस्तावाविरुद्ध त्यांची एकच हरकत होती, सगळा प्रयोग एकाच खाचरात आहे ही. ती लिहायचीच असं ठरवून त्या आल्या होत्या. आता हरकतच उरली नव्हती. मग साहेबांकडे वळून त्या म्हणाल्या, "दिल्लीला फोन लावा."

आमच्याकडे खाली फोन कसाबसा लागतो, धड रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते. म्हणून भारत सरकारच्या मंत्रालयाचा अधिकारी चकचकीत बुटांसह लोखंडी शिडीनं टाकीवर चढला. खाली दोघांनी शिडी धरली, नानांनी बुटांना आधार दिला. वरून साहेबांचा आवाज खोऱ्यात घुमला, "सर, सात! सर, सात खेत! नहीं सर, मदर का अलग!" मी गवतात बसून हसत सुटले, पोट दुखेपर्यंत. बाई हसल्या, आई हसली, आणि ज्यांना काही कळलं नव्हतं ते सर्वांत जोरात हसले.

दिल्लीच्या वरिष्ठांनी फोनवरच हुकूम दिला: सुधारित मांडणी आज संध्याकाळपर्यंत पोर्टलवर चढवा, मग बघू. म्हणजे पुन्हा लाल चांदण्या. वाडीच्या विहारात सतरंजी पसरली, सहा जणांनी संमतीच्या कागदावर सह्या केल्या, म्हातारीनं अंगठा दिला. मग मी लॅपटॉप घेऊन टाकीवर. पोर्टलला प्रत्येक प्रयोगशाळा-प्रमुखाच्या, म्हणजे शेताच्या मालकाच्या, मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा हवा होता. नानांचा नंबर त्यांच्या पोराकडे, पोरगा हिंजवडीत गेटवर ड्यूटीला. तो तिकडून आकडा सांगायचा, नाना खालून ओरडून मला सांगायचे, आणि मी टाइप करेपर्यंत त्याची मुदत संपायची. चौथ्यांदा जमलं. तेव्हा खाली टाळ्या पडल्या.

सगळ्यांत शेवटी आईचा रकाना उरला. 'प्रयोगशाळा-प्रमुखाची पात्रता', लाल चांदणी. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. सकाळचं माझं 'अडाणीपणा'चं वाक्य मला आठवलं. मी लिहिलं, 'लग्न झाल्यापासून दर वर्षी राब भाजते. तिच्याइतका हळू आणि नीट कोणी भाजत नाही.' मग टाकीवरूनच तिला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उतर आता खाली, पडशील." सूर मात्र वेगळा होता.

पावसाळा आला आणि सातही घरांतल्या न भाजलेल्या अर्ध्या वाफ्यांत असं गवत माजलं की भात शोधायला लागावं. बायका खुरपायला बसल्या की माझा उद्धार करायच्या. त्या तणाला त्यांनी नावच ठेवलं, मंत्रालयाचं गवत. "आज किती काडलं गं मंत्रालयाचं?" "आजून निम्मं मंत्रालय हाय तितं!" मी मातीचे नमुने पिशव्यांत भरत फिरायचे, तेव्हा एखादी मुद्दाम मूठभर उपटून माझ्या डोक्यावर ठेवायची. म्हातारीनं तर गवताचा भारा बांधून म्हशीला घातला आणि म्हैस मंत्रालय खाते म्हणून सगळ्यांना सांगत सुटली. लावणीला नानांचं रोप खरंच कमी पडलं. आईनं बोलल्याप्रमाणे आमचं दिलं, वर दोन पेंढ्या जास्तीच्या.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा भात पोटरीला येऊन लोंब्या फुटायच्या बेतात होतं. मी ते टाकीवर बसून वाचलं. इतर मजकुरात एक ओळ होती, 'आगीची व्यवस्था समाधानकारक'. मी इतकी ओरडले की खालच्या खाचरातून आई धावत आली.

"पास?"

"पास!"

"मंग रडतीस कशाला?" ती म्हणाली, आणि स्वतः रडायला लागली.

नानांचा खांब अजून वाकलेलाच आहे. पण साहेबांनी त्यांचा अर्ज कुठंतरी खरोखर पुढे धाडला होता, त्याची पोच आली. नानांनी ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आहे.

पुढच्या मे महिन्यात मी नमुन्यांच्या पिशव्या घेऊन घरी आले, तर आमच्या शेतात अर्धा राब भाजलेला आणि अर्धा तसाच. मी काही सांगितलं नव्हतं. आमच्या शेतात अर्धा ठेवायचा असं प्रस्तावातही नव्हतं, त्याला सात शेतं पुरेशी होती. आई बांधावर बसून टहाळानं अंगावरची राख झाडत होती. रस्त्यानं कोळवणकडे जाणारी जीप आमच्या शेतापाशी हळू झाली आणि आतून एका अनोळखी बाईनं डोकं बाहेर काढलं.

"ओ ताई, राब अर्धाच का ठिवला? घरात काय झालं?"

आई उठून उभी राहिली. कपाळावरचा घाम पुसला, आणि जीपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली, "काय न्हाई झालं, बाई. घरी समदं बरं हाय."